फावल्या वेळचे काम : मुलाखतीत सांगावे की झाकून ठेवावे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी झालेले भाषण)



मंडळाने मला येथे चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही उदारपणे माझ्याकडेच सोपविले. अशा प्रसंगी उद्योग, चिकाटी आणि सचोटी यांची महती वर्णन करावी असा प्रघात आहे व तो योग्यही आहे. परंतु आज पारितोषिके घेऊन गेलेल्या मुलामुलींपैकी अनेकांना येत्या वर्षभरात नोकरीच्या मुलाखतींस सामोरे जावयाचे आहे. माझ्या सेवाकाळातील अखेरची काही वर्षे निवड-समितीच्या मेजामागे बसण्यात गेली. त्या मेजासमोर येणाऱ्या तरुणांना अडवणारा एक प्रश्न मी वारंवार पाहिला आहे. दिसावयास तो लहान आहे. पण त्याचे उत्तर चुकल्यामुळे कित्येकांच्या हातून चांगली जागा निसटते, आणि कित्येकांना मिळालेली जागा पुढे गोत्यात आणते. त्याच प्रश्नाचा विचार आज आपल्यासमोर मांडावा असे मी ठरविले आहे.

प्रश्न असा. आपल्यापैकी बहुतेक तरुण शिक्षणाखेरीज किंवा नोकरीखेरीज स्वतःचे म्हणून काही ना काही करीत असतात. कोणी रात्री जागून मोबाइलचे एखादे अ‍ॅप तयार करतो. कोणी जगभरचे लोक मिळून चालवितात अशा संगणकाच्या मुक्त कामाला हातभार लावतो. कोणी नाट्यस्पर्धेतल्या नाटकाची प्रकाशयोजना सांभाळतो, कोणी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतो, आणि कोणी भगिनी दिवाळीत पन्नास घरांच्या फराळाची मागणी पुरी करते. इंग्रजी शिकलेली मुले याला ‘साइड प्रोजेक्ट’ म्हणतात. मी त्याला फावल्या वेळचे काम म्हणतो. हे काम मुलाखतीत सांगावे की सांगू नये?

वडीलधाऱ्यांना विचारावे तर दोन म्हणी ऐकावयास मिळतात. एक म्हण सांगते, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसरी सांगते, बोलणाऱ्याची बोरे विकतात. दोन्ही म्हणी अनुभवातूनच जन्मलेल्या आहेत. परंतु दोन्ही एकदम पाळता येत नाहीत, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री तर त्या तरुणाचा गोंधळ वाढविण्यापलीकडे काहीच करीत नाहीत.

माझ्या मते या गोंधळाचे मूळ एकाच ठिकाणी आहे. ‘सांगणे’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या क्रिया कोंबतो. एक आहे दाखविणे आणि दुसरी आहे कळविणे. आपले कौशल्य समोरच्याच्या नजरेस आणण्यासाठी जे सांगितले जाते ते दाखविणे. ते ऐच्छिक आहे. करावे, न करावे, आपली मर्जी. उलट, ज्या कामाचा मालकाच्या हक्काशी, वेळेशी अथवा हिताशी संबंध पोहोचतो, ते त्याच्या कानावर घालणे म्हणजे कळविणे. ते कर्तव्य आहे. तेथे मर्जीचा प्रश्न उद्भवत नाही. दुर्दैवाने आपले तरुण बहुधा नेमके उलटे करतात. जे दाखवून लाभ व्हावयाचा ते संकोचाने गिळून टाकतात, आणि जे कळविल्यावाचून गत्यंतर नाही ते भीतीने लपवून ठेवतात.

प्रथम दाखविण्याचा विचार करू.

थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे नाव ठाऊक नाही असा येथे कोणी नसेल. पण त्यांनी नोकरीसाठी केलेला अर्ज पुष्कळांच्या ध्यानात नसतो. सन १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसाकडे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. त्यांच्याजवळ पदवी नव्हती. एफ. ए. च्या परीक्षेत ते यशस्वी झाले नव्हते, आणि मधली कित्येक वर्षे कागदोपत्री रिकामी दिसत होती. एखाद्याने ती वर्षे झाकली असती, किंवा तीन पाने भरून आपल्या प्रज्ञेचे वर्णन केले असते. रामानुजन यांनी दोहोंपैकी काहीच केले नाही. आपले शिक्षण कोठवर झाले व परिस्थितीमुळे ते कसे थांबले हे त्यांनी सरळ लिहिले, आणि मधला सारा काळ आपण गणितात व त्याच्या विकासात घालवीत आलो एवढेच सांगितले. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र जोडले. ता. १ मार्च १९१२ रोजी त्यांना दरमहा ३० रुपयांची कारकुनी मिळाली.

या अर्जाचे मर्म कशात आहे? कारकुनाच्या कामाला उच्च गणिताची आवश्यकता नव्हती. पण त्या कामाच्या उल्लेखाने रिकाम्या वर्षांचा खुलासा झाला, उमेदवाराच्या बुद्धीची जात कळली, आणि शिफारसपत्रामुळे त्या म्हणण्याला तिऱ्हाइताचा आधार मिळाला. योगायोग असा की, ज्यांच्या हाताखाली ते काम करू लागले ते नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणते होते, आणि ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनीही पुढे या कारकुनासाठी खटपट केली. पुढल्याच वर्षी, जानेवारी १९१३ मध्ये, रामानुजन यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले. त्या पत्रात त्यांनी आपली ओळख पोर्ट ट्रस्टमधील कारकून अशीच करून दिली व वर्षाला २० पौंड हा आपला तुटपुंजा पगारही सांगितला. नोकरी मागताना त्यांनी गणित लपविले नाही आणि गणित दाखविताना नोकरी लपविली नाही. याला मी दाखविण्याची रीत म्हणतो.

आता दुसरे उदाहरण आपल्या घरचे घेऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीस अनेक वर्षे शाळामास्तर होते. अंकांशी खेळणे हा त्यांचा छंद. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडावेत आणि त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर तीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण ६१७४ या संख्येवर येऊन थांबतो. हा शोध या मास्तरांचा. सन १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव देशोदेशी गेले. हा छंद त्यांनी कोणत्याही बढतीसाठी जोपासला नव्हता. शाळेची नोकरी चरितार्थासाठी आणि अंक आनंदासाठी, असा तो संसार होता. सांगावयाचे एवढेच की, प्रत्येक छंदाला नोकरीच्या बाजारात उभे केलेच पाहिजे असे नाही. ज्याच्यात आपला जीव रमतो असे एखादे काम कोणालाही न दाखविता केले, तरी त्याचे मोल घटत नाही.

मग दाखवावे केव्हा? मी तीन कसोट्या सुचवितो.

पहिली कसोटी संबंधाची. मागितलेल्या जागेशी त्या कामाचा काही धागा जुळतो काय? धागा सरळच असावा असे नाही. हिशेबाच्या जागेसाठी आलेल्याने नाटकाच्या प्रयोगाचा जमाखर्च सांभाळला असेल तर तो धागा आहे. त्याच नाटकात त्याने राजाची भूमिका केली, हे मात्र तेथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तीच गोष्ट विक्रीच्या जागेसाठी येणाऱ्याने सांगितली, तर चार लोकांसमोर उभे राहण्याचे धैर्य म्हणून ती अवश्य ऐकून घेतली जाईल.

दुसरी कसोटी पुढच्या प्रश्नाची. मुलाखत घेणारा पहिला प्रश्न सौजन्याने विचारतो; दुसरा आणि तिसरा तो पारखण्यासाठी विचारतो. “हे आपण का केले? यात आपला हात किती आणि मित्रांचा किती? काय जमले नाही?” या प्रश्नांना जे काम टिकत नाही ते काढूच नये. आपल्या अर्जावर बारा कामांची यादी देणारे उमेदवार मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाविषयी विचारावे तर ते अर्धवट. दुसऱ्याविषयी विचारावे तर ते मित्राचे. तिसरे इंटरनेटवरून जसेच्या तसे उचललेले. बारा कामांनी त्यांची जेवढी हानी केली तेवढी एकही काम नसण्याने झाली नसती. याच्या उलट, कांद्याची आडत चालविणाऱ्या मामाच्या दुकानासाठी हिशेबाचे एक छोटे अ‍ॅप करणारा मुलगा माझ्यासमोर आला होता. तो तालुक्याच्या गावचा; पदविका साध्या तंत्रनिकेतनाची. गोणीच्या वजनातून घट कशी वजा केली, हमाली-तोलाईचे आकडे मामाच्या वहीशी प्रथम का जुळेनात, आणि मामाला इंग्रजी कळत नसल्यामुळे सगळी बटणे मराठीत का करावी लागली, हे त्याने पाच मिनिटांत सांगितले. त्या पाच मिनिटांत समितीला त्याच्या गुणपत्रिकेपेक्षा अधिक कळले.

तिसरी कसोटी गुप्ततेची. जे दाखवितो ते दाखविण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? पूर्वीच्या मालकाची कागदपत्रे, गिऱ्हाइकांची नावे किंवा त्याच्या कामातील खुबी ‘हे मी केले’ म्हणून जो नव्या मालकापुढे उघडी करतो, तो उद्या आपलीही उघडी करील, हे नव्या मालकाला सांगावे लागत नाही.

या तिन्ही कसोट्या ज्या कामाला उतरतात ते निःसंकोच दाखवावे. थोडक्यात दाखवावे, आणि एकच दाखवावे. तेथे विनय आड येऊ देऊ नये. हे मी आग्रहाने सांगतो, याला कारण आहे. ज्यांच्या घराण्यात दोन पिढ्यांची पदवी आहे, ज्यांच्या महाविद्यालयाचे नाव उच्चारताच समोरचा सावरून बसतो, त्यांचे अर्धे काम ते नावच करते. आपल्या समाजातील पुष्कळ मुलांपाशी असे नाव नाही. त्यांच्यापाशी आहे ते त्यांचे हाताचे काम. एकदा हिशेबनिसाच्या मदतनिसाची जागा भरावयाची होती. एका मुलीची मुलाखत झाली. गुण मध्यम, उत्तरे नेटकी. अखेरीस तिला विचारले, “अभ्यासाखेरीज आपण काय करता?” ती म्हणाली, “तसे काही विशेष नाही.” जागा दुसऱ्याला गेली. पुष्कळ महिन्यांनी सहज बोलता बोलता कळले की, ती मुलगी तीन वर्षे गावच्या महिला बचत गटाचे सर्व हिशेब ठेवीत होती. कर्जाचे हप्ते, व्याजाची आकारणी, बँकेचा भरणा, सारे तिच्या हातचे होते. आम्हाला नेमका असाच माणूस हवा होता. तिच्या लेखी ते घरचे काम होते, म्हणून ‘विशेष नाही’. सज्जनहो, आपल्या मुलींच्या तोंडचे हे ‘विशेष नाही’ काढून टाकणे ही आपली, वडीलधाऱ्यांची, जबाबदारी आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, असे सांगितल्यास मालकाला वाटते, या माणसाचे मन दुसरीकडे आहे. हा आक्षेप पोकळ नाही. मेजामागे बसणाऱ्याला अशी शंका येते, आणि काही ठिकाणी ती उमेदवाराविरुद्ध जातेही. “इतके सारे करता, मग आमचे काम केव्हा करणार?” असे तोंडावर विचारणारेही भेटतात. त्याला उत्तर आधीच तयार ठेवावे आणि ते खरे असावे. “हे काम मी आठवड्यातून अमुक वेळ, सुटीच्या दिवशी करतो. त्यातून मला अमुक गोष्ट शिकावयास मिळाली आणि आपल्या कामात ती उपयोगी पडेल. आपल्या कामाच्या वेळेत त्याला स्थान राहणार नाही.” इतके पुरे. एवढ्यानेही ज्याची शंका फिटत नाही, त्याच्या हाताखाली ते काम पुढे चालविणे आपल्याला जडच गेले असते. ते मुलाखतीतच कळले, हाही एक लाभच.

आता कळविण्याकडे वळतो. येथे विषय अधिक गंभीर होतो. कारण यात केवळ निवडीचा प्रश्न नसून कायद्याचा आणि विश्वासाचा आहे.

सन २०२२ मध्ये आपल्या देशातील माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवसायात ‘मूनलायटिंग’ या शब्दाने मोठी खळबळ उडविली. एका नोकरीत असताना गुपचूप दुसरी करणे असा त्याचा अर्थ. घरी बसून काम करण्याची पद्धत महामारीच्या काळात रूढ झाली होती; त्यामुळे ते सोपे झाले होते. विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी ही उघड फसवणूक आहे असे जाहीरपणे म्हटले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात प्रतिस्पर्धी कंपन्यांत काम करताना आढळलेल्या ३०० जणांना काढल्याचे सांगितले. इन्फोसिसने प्रथम कर्मचाऱ्यांना कडक इशारा दिला; पुढे ऑक्टोबरात मात्र वरिष्ठांच्या पूर्वसंमतीने आणि हितसंबंधांना बाध येत नसेल तर बाहेरचे किरकोळ काम करण्यास मोकळीक ठेवली. स्विगीने तर त्याआधीच, ऑगस्टमध्ये, अशा कामाला अटींसह परवानगी देणारे धोरण जाहीर केले होते. एकाच वर्षात, एकाच प्रश्नावर तीन कंपन्यांनी तीन निराळ्या दिशा धरल्या. यावरून तरुणांनी एवढे ध्यानात घ्यावे की, ‘सगळीकडे चालते’ किंवा ‘कोठेच चालत नाही’ ही दोन्ही विधाने निरर्थक आहेत. आपल्या मालकाचा नियम कोणता, हे त्यालाच विचारावे लागते. आणि लपविलेले लपून राहते, हाही भ्रम आहे. भविष्यनिर्वाह निधीचा एकच क्रमांक माणसाबरोबर सर्वत्र फिरतो. त्या एका क्रमांकाखाली दोन आस्थापनांची वर्गणी जमा होऊ लागली की नोंद आपोआप बोलू लागते.

दुसरा भाग मालकीचा. सन १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाचा आशय असा आहे की, नोकरीच्या कराराखाली, नोकरीचे काम म्हणून एखादी कृती निर्माण झाली, तर उलट करार नसल्यास तिचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. संगणकाचा प्रोग्रामही या कायद्यान्वये वाङ्मयीन कृतींतच मोडतो. म्हणजे आपल्या वेळात, आपल्या साधनांनी आणि नोकरीच्या कामाशी संबंध नसताना केलेली कृती सामान्यतः आपली. परंतु पुष्कळ नेमणूकपत्रांत याहून व्यापक कलम असते. नोकरीच्या काळात कर्मचारी जे जे निर्माण करील ते ते कंपनीचे, असा त्याचा आशय असतो. तरुण पगाराचा आकडा वाचतो आणि हे कलम न वाचताच सही करतो. दोन वर्षांनी त्याचे अ‍ॅप चालू लागते, आणि तेव्हा ते कोणाचे हा प्रश्न उभा राहतो.

आपली पुष्कळ मुले हल्ली अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात आहेत, म्हणून तेथलाही दाखला देतो. तेथील कामगार संहितेच्या २८७० व्या कलमाने, सर्वस्वी स्वतःच्या वेळात आणि मालकाची साधने व गुपिते न वापरता लावलेला शोध करारानेही मालकाला बळकावता येत नाही. पण त्याला अपवाद जोडलेला आहे : तो शोध मालकाच्या धंद्याशी वा त्याच्या चालू अगर योजलेल्या संशोधनाशी संबंधित असेल, अथवा मालकासाठी केलेल्या कामातून निघालेला असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. त्याच प्रांतातील स्टीव्ह वोझनियाक यांची गोष्ट येथे आठवते. हे कलम तेव्हा व्हावयाचे होते. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत नोकरीस असताना त्यांनी एक छोटा संगणक तयार केला. नोकरीमुळे त्या रचनेवर कंपनीचा हक्क पोहोचू शकतो हे जाणून त्यांनी ती आधी आपल्या कंपनीपुढे ठेवली. कंपनीला ती नको होती. मग सन १९७६ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांच्यासह त्यांनी अ‍ॅपल स्थापन केली. आधी कळविले, म्हणून नंतर त्यांना मोकळेपणाने उभे राहता आले.

सरकारी नोकरीची आकांक्षा धरणाऱ्यांनी आणखी एक नियम जाणून घ्यावा. केंद्र सरकारच्या नोकरांना लागू असलेल्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील १५ व्या नियमाप्रमाणे, पूर्वमंजुरीवाचून धंदा वा दुसरी नोकरी करता येत नाही. सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचे मानसेवी काम आणि प्रासंगिक वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय काम यांना मात्र, सरकारी कर्तव्यास बाध न येता, वाव ठेवलेला आहे. बाहेरच्या कामाचे मानधन घ्यावयाचे तर पुन्हा मंजुरीचा प्रश्न येतो. तेव्हा कथा लिहिणाऱ्याने घाबरू नये, आणि पत्नीच्या नावे दुकान चालविणाऱ्याने निर्धास्त राहू नये.

मग कळवावे केव्हा? पहिल्याच मुलाखतीत, कोणी विचारले नसताना, आपल्या जोडधंद्याचा पाढा वाचण्याची गरज नाही. परंतु कोणी सरळ विचारले तर सरळ उत्तर द्यावे. तेथे असत्य बोलणे म्हणजे नोकरीचा पायाच भुसभुशीत जमिनीत घालणे होय. आणि कोणी विचारले नाही तरी, नेमणूक ठरल्यावर व करारावर सही करण्यापूर्वी, ज्या कामातून पैसा मिळतो, किंवा जे काम नव्या मालकाच्या धंद्याच्या जवळचे आहे, ते लेखी कळवावे. कामाचे नाव, ते केव्हा सुरू झाले ती तारीख, त्याचे सद्यःस्वरूप आणि ते पुढे चालू ठेवण्याची परवानगी, एवढा मजकूर पुरतो. उत्तरही लेखी मागावे. तोंडी ‘चालेल हो’ म्हणणारा साहेब उद्या बदलून जातो. कागद जागेवर राहतो. परवानगी नाकारली गेली, तर नोकरी की ते काम, हा निर्णय डोळे उघडे ठेवून करता येतो. आणि सेवेत असतानाची ही बंधने नोकरी सोडल्यावरही जन्मभर बांधून ठेवतील अशी भीती बाळगू नये. १८७२ च्या आपल्या करारविषयक कायद्याचे २७ वे कलम धंदा करण्यास सरसकट मनाई करणारा करार सामान्यतः रद्दबातल ठरविते.

आता एक नाजूक गोष्ट. येथे बसलेल्या अनेक तरुणांनी या मंडळाचे काम केले आहे. कोणी वसतिगृहाची व्यवस्था पाहिली, कोणी शिष्यवृत्तीचे अर्ज तपासले, कोणी वधूवर-मेळाव्याची नोंदणी संगणकावर आणली. हे मुलाखतीत सांगावे काय? माझे स्पष्ट मत असे आहे की, काम अवश्य सांगावे. पण ज्ञातीच्या नावाचे भांडवल करू नये. “चाळीस विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा भोजनखर्च मी दोन वर्षे सांभाळला” हे वाक्य पुरेसे बोलके आहे. ज्ञातीचे नाव सांगून समोरच्या आडनावात आप्तपणा शोधणे हे आपल्याला शोभणारे नाही. सरकारी नोकरीत जातीवरून कोणाच्या विरुद्ध भेद होता कामा नये, असे राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने बजाविले आहे. त्या तत्त्वाचा आधार आपल्याला हवा असेल, तर त्याचे बंधनही आपण मानले पाहिजे. आपला मुलगा आपल्या कामाने निवडला गेला, याचा अभिमान मंडळाला अधिक वाटेल.

भाषण आटोपते घेण्यापूर्वी कार्यकारी मंडळापुढे दोन विनंत्या ठेवतो. पहिली, आपल्या शिष्यवृत्तीच्या छापील अर्जात गुण, उत्पन्न आणि पालकांचा व्यवसाय यांसाठी रकाने आहेत. ‘फावल्या वेळी केलेले काम’ असा आणखी एक रकाना त्यात घालावा. तो भरताना तरी मुलांना आपण काय करतो याची जाणीव होईल, आणि ‘विशेष नाही’ असे लिहिण्याआधी ती क्षणभर थांबतील. दुसरी, वर्षातून एक रविवार सरावाच्या मुलाखतींसाठी राखून ठेवावा. आपल्या समाजात निवृत्त अधिकारी, वकील, उद्योजक, बँकांत काम केलेली माणसे आहेत. त्यांनी मेजामागे बसावे, मुलांनी समोर बसावे. वकील मंडळींनी नेमणूकपत्रांतील कलमे त्यांना वाचून समजावून द्यावीत. याला फार पैसा लागत नाही. लागते ती थोडी सवड, आणि मंडळाच्या सभागृहाची किल्ली.

विद्यार्थी मित्रांनो, मघाशी सांगितलेल्या दोन म्हणींचा निवाडा आता तुमचा तुम्हाला करता येईल. जे दाखविण्याजोगे आहे ते थोडक्यात दाखवा. जे कळविणे प्राप्त आहे ते वेळेवर आणि लेखी कळवा. आणि या दोहोंत न बसणारे जे निव्वळ तुमच्या आनंदाचे आहे, ते कापरेकर मास्तरांच्या अंकांप्रमाणे स्वतःपाशी जपा. नोकरी मिळेल, बदलेल, एक दिवस संपेलही. रात्री दिवा लावून ज्या कामापाशी तुम्ही आपण होऊन बसता, ते काम तुम्ही कोणत्याही नोकरीसाठी टाकू नये, आणि कोणत्याही नोकरीत ते चोरून करण्याची पाळी तुमच्यावर येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.